न बिघडलेली कुलपं

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकटे,

प्रभूची शांती त्या घरातल्या सगळ्यांवर असो, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या लेकीला मिळो, कारण नवव्या महिन्यात बाईला शांती सोडून बाकी सगळं मिळतं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथं असतानाही कुरकुरत होता, तेव्हा त्याचा दोष तुझ्यावर टाकत नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. माझं अक्षर तुला पहिल्यापासून लागत नाही, म्हणून मुद्दाम मोठं काढते आहे.

लेकीच्या पायांवर सूज आहे का? असेल तर पाय उशीवर ठेवून पड म्हणावं. जावयांना म्हणावं, बाळंतपण बायकोचं असलं तरी भांडी घासायला त्यांना कुणी मनाई केलेली नाही.

आता इथलं. तू म्हणशील, मला ठाऊक आहे तेच काय सांगतेस. पण निघायच्या आधी तू मला बोलूच दिलं नाहीस, तेव्हा एकदा माझ्या तोंडून ऐक. चर्चच्या मागच्या अंगणात आपण चादरी धुतो त्या कुणाला खिजवायला नाही. समोरच्या इस्पितळात ज्यांच्यामागे कुणी नाही, ज्यांची चादर घरून धुऊन आणायला माणूस नाही, त्यांच्या चादरी आपण आणतो, उकळत्या पाण्यात घालतो, वाळवतो आणि घडी घालून परत देतो. पाळकसाहेबांनी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर उपदेश केला आणि तिथून हे सुरू झालं. त्या दिवशी घंटाबाई बाहेर पडताना म्हणाल्या होत्या, "पाय धुतले, चादरी नव्हे." आठवतंय ना? तू तोंडाला पदर लावून हसलीस आणि मी तुला कोपराने ढोसलं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण बाईंच्या बोलण्यात अजून शाळेची घंटा वाजते.

गल्लीला मात्र हसू आलं नाही. इस्पितळाच्या चादरी म्हणजे रोगराई, ओल्या कपड्यांचा वास, गिऱ्हाईक वाट वाकडी करून जातं, असं एकेकाचं सुरू झालं. चष्मेवाल्याने गल्लीची समिती गोळा केली. मग आपल्या मंडळीतही दोन तट पडले. पुढच्या बाकांवरचे म्हणाले, ज्यांच्यात राहायचं त्यांच्याशी वैर नको, काम थांबवा. मागच्या बाकांवरचे म्हणालो, थांबवायचं नाही. एकाच छताखाली एकच प्रार्थना म्हणायची आणि आमेन झाल्यावर एकमेकांकडे पाठ करून बाहेर पडायचं, असं चाललं होतं. शेवटी समितीने अंगणाच्या भिंतीलगतच्या गल्लीच्या नळाभोवती लोखंडी पेटी बसवली आणि तिला कुलूप घातलं. कुलूप घालणारा हात आपल्याच घरातला. तुझ्या नवऱ्याचा, गल्लीतल्या कुलूपवाल्यांचा.

मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "असं का केलंत?" ते खाली बघत राहिले आणि उत्तर तू दिलंस. "ताईला बोलायला काय जातं? तिचं दुकान आहे का गल्लीत?" मी गप्प बसले, कारण ते खरं होतं. खोटं असतं तर मी तुला सोडलं असतं का?

दुसऱ्या दिवशी मला न सांगता तू गेलीस. आणि जाताना पाळकबाईंना सांगून गेलीस म्हणे, की इथं आता काही उरलं नाही, बाळंतपण उरकलं की यांनाही तिकडेच बोलावून घेईन, दुकान कायमचं बंद. हे माझ्या कानावर आलंय एवढंच लिहिते. त्यावर काही बोलणार नाही, असं मी ठरवलंय. माझं ठरवणं किती टिकतं ते तुला माहीत आहेच.

कुलूप लागलं म्हणून काम थांबलं नाही. पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरातून बादल्या भरायच्या आणि चर्चच्या मधल्या वाटेने, बाकांच्या मधून, मागे न्यायच्या. पुढची बाकं रोज भिजत होती, मागची कोरडी. यात माझा काही हात नाही, स्वयंपाकघराचं दारच त्या बाजूला आहे आणि काठोकाठ भरलेली बादली तिथंच सांडते.

तू नसल्याने पिळायची पंचाईत झाली आहे. मी डावरी. दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून चादर पिळायची, तर एकाचा पीळ दुसऱ्याच्या उलट बसायला हवा. पाळकसाहेब पदर खोचल्यासारखी पँट वर दुमडून समोर उभे राहिले. ते फिरवतायत, मी फिरवतेय, आणि चादर आपली मध्ये नुसती गरगर फिरतेय, थेंब पडेल तर शपथ. ते म्हणाले, "तुम्ही उलटं फिरवताय." मी म्हटलं, "मी जन्मभर अशीच फिरवते. उलटं फिरवायचं काम धाकटीचं." अंगणात सगळे इतके हसले की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. मीही हसले. मग तुझी फार आठवण आली.

हो, आणि नळ आता उघडा आहे. कसा, ते पुन्हा कधीतरी.

कुलूपवाले बरे आहेत. माझ्याकडे जेवायला येतात. कमी बोलतात, पण ते तर तुझ्या लग्नातही कमीच बोलले होते.

उत्तर लिही. नाही लिहिलंस तरी पुढचं पत्र येणारच.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या नव्या कोऱ्या आजीबाई,

कार्ड पोचलं. "मुलगी झाली. दोघी सुखरूप. नळ कुणी उघडला?" एवढी तीन वाक्यं लिहायला तुला एवढं मोठं कार्ड लागलं? पण मी त्यावर हात फिरवून फिरवून त्याचा कोपरा काळा केलाय. रविवारी उपासनेनंतर पहिली दोन वाक्यं मंडळीला मोठ्याने वाचून दाखवली. पुढच्या बाकांवरच्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. हे मला कबूल केलं पाहिजे.

बाळाचं नाक कुणावर गेलंय? आपल्यावर गेलं असेल तर तिच्यासाठी वेगळी प्रार्थना करावी लागेल. रात्रीची जागते का? लेकीला दूध पुरतंय ना? तुझी कंबर कशी आहे? बाळ उचलताना आधी गुडघे वाकव, कंबर नको. एवढं सांगून मी मोठ्या बहिणीचं कर्तव्य संपवते.

आता तुझं तिसरं वाक्य. नळ तुझ्या नवऱ्याने उघडला.

मला त्यांनी बजावलं होतं, "ताई, तिला कळवू नका. ती माझी बाजू घेऊन सगळ्यांशी भांडून गेली आणि मी तिच्या मागे पलटलो, असं होईल." मी बरं म्हटलं होतं. पण तू सरळ विचारलंस. सरळ प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला मला जमत नाही, म्हणून त्यांचा शब्द मोडते.

झालं असं. इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरने त्यांना एका कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला बोलावलं होतं. ते गेले. वॉर्डाच्या टोकाला भिंतीतलं कपाट, वर लिहिलेलं 'चादरी'. चावी फिरत नव्हती. त्यांनी तेल घातलं, खटपट केली, कुलूप उघडलं, दार उघडलं. आत काही नाही. मोकळे कप्पे आणि झुरळांची औषधं. ते म्हणाले, "सिस्टर, यात ठेवायलाच काही नाही, तर कुलूप कशाला?" ती म्हणाली, "रिकामं आहे ते पेशंटला दिसू नये म्हणून."

ते मला चहा पिताना हे सांगत होते. कप हातात तसाच धरलेला. म्हणाले, "ताई, मी त्यांचं कुलूप नीट करून दिलं. छान बसलं. मग जिना उतरताना आठवलं, नळावरचंही मीच लावलंय." तिथून ते थेट नळावर गेले, पेटीचं कुलूप काढलं आणि खिशात टाकलं. चष्मेवाला दुकानातून धावत आला. तेव्हा आपला कमी बोलणारा माणूस म्हणाला, "कुलूप मी लावलं होतं, मी काढलं. परत लावायचं असेल तर दुसऱ्याकडून लावून घ्या." मी भिंतीच्या आतून ऐकत होते. हातातली चादर टबात पडली.

समितीने दुसरं कुलूप आणायची तयारी केलीच होती. तेव्हा पाळकसाहेब बोलणी करायला निघाले, आणि त्यांच्याबरोबर कोण निघालं असेल? घंटाबाई. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तर कामाच्या विरोधात आहात." त्या म्हणाल्या, "आहेच. ते आपलं आपल्यात बघू. पण आपल्या माणसांना तहानलेलं ठेवायचा अधिकार गल्लीला कुणी दिला?" चष्मेवाला त्यांच्या शाळेत शिकलेला. त्याला त्यांनी "बस खाली" म्हटलं आणि तो बसला. शेवटी ठरलं ते असं, की गल्लीच्या बाजूला दोऱ्या बांधायच्या नाहीत, दुपारनंतर नळ वापरायचा नाही, आणि पेटी निघणार. आम्ही दोऱ्या आत घेतल्या. दोऱ्यांची त्यांची तक्रार खोटी नव्हती म्हणा, एक चादर वाऱ्याने खरंच एकदा चष्मेवाल्याच्या काचेला जाऊन चिकटली होती.

परवापासून घंटाबाई अंगणात येतात. काम पटलेलं नाही असं येतायेता सांगतात आणि मग चादरींच्या घड्या घालतात. त्यांच्या घडीचे कोपरे असे जुळतात की सिस्टर म्हणाली, या चादरींवर पेशंटला झोपवायला जीव धजत नाही. पटलेलं नसतानाही माणूस इतकं नेटकं काम करतो, हे मी पहिल्यांदाच पाहते आहे. मला तर पटलेलं काम करतानाही कोपरे जुळत नाहीत.

तुझ्यावर रागावून ते पलटले नाहीत, एवढं समजून घे.

दुकानाचं विचारशील. कामाला तोटा नाही. मंडळीतले लोक रोज कुलपं घेऊन येतात, पुढच्या बाकांवरचेही येतात. टेबलावर ढीग लागलाय. गल्लीबद्दल काय लिहू, गल्ली जिथल्या तिथं आहे.

बाळाच्या टाळूला तेल चोळताना जोर लावू नकोस. लेकीला माझे दोन मुके दे, जावयांना नुसता नमस्कार.

तुझी,
ताई


१४ मार्च, शनिवार

प्रिय धाकटे,

तुझं लांबलचक पत्र बुधवारी आलं. मी ते तीनदा वाचलं आणि पहिल्या दोन वेळा तू नळाबद्दल रागावली नाहीस याच आनंदात राहिले. "त्यांनी केलं ते बरोबर केलं, पण मला आधी सांगायला हवं होतं," असं तू लिहिलंस, त्यातला दुसरा अर्धा भाग मी त्यांना वाचून दाखवला. त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस. बाळाचा फोटोही त्यांनी बघितला आणि दुकानातल्या आरशाच्या कडेला खोचून ठेवला.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटच्या पानाशी आले. तू लिहितेस, जावयांच्या ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानात यांना जागा आहे, हवी तेव्हा. आणि लिहितेस, "ताई, तू मला खरं सांग, दुकान चालतंय ना? हे फोनवर सगळं ठीक आहे म्हणतात. तू सांगितलंस की मी ठरवीन."

गेल्या पत्रात मी फुशारकी मारली होती, की सरळ प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला मला जमत नाही. आणि त्याच पत्रात खाली दुकानाला कामाचा तोटा नाही असं लिहिलं. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात. पण तू फसावीस अशाच बेताने ते लिहिलं होतं.

खरं हे आहे. नळ उघडल्यापासून गल्लीतल्या एकाही माणसाने त्यांच्याकडे कुलूप दिलेलं नाही. चावी करून घेतलेली नाही. आमचा माणूस असून आमच्यावर उलटला, असं म्हणतात. चष्मेवाल्याच्या शोकेसचं कुलूप अडकलं, तर त्याने दुसऱ्या भागातून कारागीर बोलावला. त्या कारागिराने भोक पाडायच्या नादात काच तडकवली, पण तरी चष्मेवाला कुलूपवाल्यांच्या दारात आला नाही. समोरासमोर दुकानं, आणि सकाळी शटर वर करताना दोघं दोन दिशांना बघतात. गल्लीचं आमच्या मंडळीशी जमल्यासारखं झालंय. नळ मिळाला, दोऱ्या आत आल्या. किंमत मात्र त्या एकट्या माणसाने मोजली.

मी हे तुला का लिहिलं नाही? कारण लिहिलं असतं तर तू त्यांना बोलावून घेतलं असतंस. आणि ते गेले की तू कधीच परत आली नसतीस. मला तू इथं हवी होतीस. बाकी काही कारण नाही.

मंडळीत मात्र ही गोष्ट सगळ्यांना कळली, आणि मग या लोकांनी जे केलं ते मी तुला नीट सांगणार आहे.

पहिलं कुलूप पाळकसाहेबांनी नेलं. घराच्या पुढच्या दाराचं. "जरा अडकतं," म्हणाले. अडकत नव्हतं. मग मागच्या बाकांवरून एकेक जण निघाला. ट्रंकेचं, सायकलचं, कोळसा ठेवायच्या खोलीचं, जे हाताला लागेल ते. आठवड्याभरात पुढची बाकंही त्यात सामील झाली. कुणी कुणाला सांगितलं नाही. जो तो आपल्या मनानेच करत होता आणि जो तो समजत होता की ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली. मंडळीतली निम्मी घरं उघडी पडली होती. चोरांना कळलं असतं तर त्यांनी मोठीच उपासना भरवली असती. मीसुद्धा माझ्या शिलाईच्या मशीनच्या खणाचं कुलूप नेऊन दिलं आणि "चावी फिरता फिरत नाही" असं म्हणाले. ते म्हणाले, "ठेवा ताई, बघतो." माझ्याकडे त्यांनी वर मान करून पाहिलं नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

घंटाबाईंची वेगळीच तऱ्हा. चांगलं कुलूप बिघडलंय असं सांगायचं म्हणजे खोटं बोलायचं, आणि जन्मभर मुलांना खोटं बोलू नका सांगितलेलं. मग त्यांनी काय केलं? आधी कुलूप खरंखुरं बिघडवलं. चावी कपाटाच्या कुलपात घातली, पक्कडीने धरली आणि आतल्या आत मोडली. तुकडा आत, अर्धी चावी पक्कडीत. आता निरोप पाठवायला मोकळ्या, की माझ्या कपाटाचं कुलूप बिघडलंय, या. फक्त एक गोष्ट लक्षात आली नाही. त्यांची कवळी त्या कपाटात होती.

कुलूपवाले गेले तर बाई दारात तोंडावर रुमाल धरून उभ्या. टेबलावर पक्कड, आणि पक्कडीच्या जबड्यात अर्धी चावी तशीच. ते कपाटाकडे बघतायत, पक्कडीकडे बघतायत. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही मुद्दाम केलं?" बाई बोलायला तोंड उघडेनात, आणि खोटंही बोलता येईना. त्यांनी मान हलवली. होकारार्थी. ते म्हणाले, "का?" बाईंनी रुमाल खाली केला आणि बिनदातांच्या तोंडाने म्हणाल्या, "तुमचं दुकान बंद पडू नये म्हणून." हे मला बाईंनी स्वतः सांगितलं, दात बसवल्यावर. आणि वर म्हणाल्या, "चादरींबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे."

कुलूपवाल्यांनी चावीचा तुकडा काढला, कपाट उघडून दिलं, दात बाहेर काढून दिले आणि दुकानात परत गेले. मग ढिगातलं एकेक कुलूप हातात घेतलं. एकही बिघडलेलं नव्हतं. त्यांना ते आधीपासून कळत होतं गं. कुलूप हातात आलं की त्यांना बाकी काही सांगावं लागत नाही. पण कुलपं एकेक करून आली तेव्हा त्यांना वाटलं, या एकाला माझी दया आली असेल. दयेने दिलेलं कुणाला परत कसं करायचं म्हणून ते ठेवून घेत होते. सगळं मिळून एका जागी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गेल्या रविवारी उपासना संपता संपता ते उठले आणि एक पोतं घेऊन पुढे गेले. वेदीजवळ नाही, पहिल्या बाकाशी. सगळी कुलपं बाकावर ओतली. केवढा आवाज झाला. म्हणाले, "ज्याचं त्याने ओळखून न्या. एकही बिघडलेलं नाही. सगळ्यांना तेल घातलंय." मागून एक जण म्हणाला, "माझं थोडं अडकत होतं." ते म्हणाले, "नव्हतं." मग हशा पिकला. पुढची बाकं, मागची बाकं, सगळी मिळून हसत होती. हशा ओसरला तरी ते उभेच. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तू त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढलीस, तुला माहीत आहे ते बोलायला किती वेळ घेतात. आम्ही थांबलो. ते म्हणाले, "मी समजत होतो, मी एकटा पडलो." आणि खाली बसले. पुढच्या बाकावर. आजवर त्या बाकावर ते कधी बसले नव्हते.

पाळकसाहेबांना शेवटचा आशीर्वाद म्हणता येईना. दोनदा सुरू करून थांबले. शेवटी घंटाबाईंनी उठून तो म्हटला, आणि म्हणताना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा म्हटला. मग सगळे पुढे आले. कोण कुणाचं कुलूप शोधून देतंय, कोण कुणाची चावी. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्या चर्चमध्ये कुणी कुणाकडे पाठ करून बाहेर पडलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मनापासून देवाचे आभार मानले. आता त्याच्याकडे काही मागायचं उरलं नाही असं मला वाटलं, आणि लगेच तू आठवलीस.

म्हणून आता खरं सांगून झाल्यावर पुढचं सांगते. गल्ली अजून वळलेली नाही. कधी वळेल माहीत नाही. मंडळीने चांगली कुलपं किती दिवस दुरुस्तीला द्यायची? कुलूपवाल्यांना ते आवडतही नाही, आणि बरोबर आहे. दुकान उद्या चालेल की नाही, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्यांनी अजून नातीला पाहिलं नाही. विचारलं की म्हणतात, "दुकान बंद केलं तर गल्ली म्हणेल, पळाला." तेव्हा मंगळवारी आम्ही अंगणात बसून ठरवलं, दुकान बंद राहणार नाही. मंडळीतलं कुणी ना कुणी रोज तिथं बसेल. एक दिवस पुढच्या बाकांचा, एक दिवस मागच्या. दुरुस्ती आमच्याच्याने होणार नाही, पण शटर वर राहील, दिवा लागेल आणि कुणी काही आणलंच तर ठेवून घेऊ. उद्या उपासना झाल्यावर ते गाडीत बसतायत. पहिली पाळी घंटाबाईंची. चष्मेवाल्याच्या समोर दिवसभर त्या बसणार म्हटल्यावर मला त्या बिचाऱ्याची काळजी वाटते.

ते नुसते दोन कपडे घेऊन निघणार होते. मी म्हटलं, "हत्यारंही घ्या." ते म्हणाले, "ताई, नातीला बघायला हत्यारं कशाला?" मी म्हटलं, "घ्या. तिथली जागा चांगली वाटली तर रिकाम्या हाताने काय काम करणार?" त्यांनी पिशवी उघडून माझ्यासमोर धरली. नेहमी लागणारी हत्यारं मीच तीत भरली. मोठी तेवढी दुकानात आहेत.

तुला मी परत ये म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, रोज वाटतं, आज तर चादरी वाळत घालताना फारच वाटलं. पण मी तुझ्यावर तो भार टाकणार नाही. तुम्ही दोघं ठरवाल ते मला मान्य आहे, आणि मंडळीलाही मान्य आहे. कुणीही त्यांना पळाला म्हणणार नाही. म्हणालाच कुणी, तर घंटाबाई आहेत.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, त्यांच्याच हाती देते. पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांच्याबद्दल इतकं लिहिलंय, तर गाडीत बसून त्यांनी ते आधी वाचावं, आणि दुकानाचं खरं काय ते तुला सांगताना त्यांना खाली बघावं लागू नये. उतरल्यावर ते तुला देतील. मग दोघं मिळून पुन्हा वाचा, बाळाला मध्ये घेऊन.

तिथंच राहायचं ठरलं तर दोन ओळी टाक. त्यांची मोठी हत्यारं मी स्वतः बांधून पाठवीन. रडत बांधीन, पण एकही खिळा मागे ठेवणार नाही.

तुमच्या दोघांची,
ताई